शाहीनचा गडद चष्मा

शाहीनच्या दुखऱ्या डोळ्यावर मी रंगीत काच चढवली. चूक माझीच होती.

दारव्ह्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून नंबर काढणारा. डोळ्यांचा डॉक्टर नव्हे. त्या वर्षांत कापसाचा भाव पडला की माझ्याही दुकानात शुकशुकाट व्हायचा. अशातच नागपूरच्या एका ट्रेनिंगमधून मी ओव्हरले घेऊन आलो. ओव्हरले म्हणजे पुस्तकाच्या पानावर ठेवायची रंगीत, पारदर्शक शीट. तिच्यातून काहींना अक्षरं स्थिर वाटतात. ती कधी वापरायला मिळते, असं मला झालं होतं.

जीप दुरुस्त करणारे रफीकभाई मुलीला घेऊन आले. शाहीन डी.एड.ला, म्हणजे शिक्षिकेच्या कोर्सला होती.

"सर, वाचाले बसलं की अक्षरं पोहतात," ती म्हणाली. "उजेड तर मले सहनच होत नाही."

"डावा डोळा लाल दिसतो."

"मामाच्या वावरात कापूस वेचाले गेलती," रफीकभाई म्हणाले. "कचरा गेला असंल."

आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत लाल डोळ्याला कोणी आजार समजत नाही. मीही समजलो नाही. पानावर निळी शीट ठेवली आणि ती भराभर वाचू लागली. मी इतका खूश झालो, की एकेक डोळा झाकून पाहायचंही राहिलं. निळ्या टिंटचा, म्हणजे रंग दिलेल्या काचांचा, चष्मा करून दिला.

"असा चष्मा घालून शिकोशील त पोरं हिरोईनच समजतीन तुले," रफीकभाई हसले.

काही दिवसांनी ती परत आली. "सर, जरा गडद करून द्या ना."

करून दिला.

ती पुन्हा आली. "अजून गडद होते का?"

तेव्हा मला खटकलं. चष्म्यानं त्रास कमी व्हायला हवा होता, इथं तो वाढत चालला होता. मी चष्मा काढायला लावला आणि टॉर्च तिच्या उजव्या, चांगल्या डोळ्यावर धरला. ती डावा डोळा दाबून ओरडली. उजेड एका डोळ्यात, कळ दुसऱ्यात. डोळ्याच्या आतल्या सुजेची ही खूण मी कॉलेजात शिकलो होतो. डाव्या डोळ्याची बाहुली गोल राहिली नव्हती, एका बाजूला ओढली गेली होती. गडद काचेमागे मीच ती झाकून ठेवली होती. तिला घेऊन मी तडक रफीकभाईंच्या गॅरेजवर गेलो.

"यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला. आत्ता."

"परवा गेलो त नाही जमत काय, सर? इंजिन खोलून ठेवलं आहे."

"रफीकभाई, डोळा जाईल."

त्यांनी हात पुसले नाहीत, तसेच निघाले. जीपमध्ये मी शाहीनला उजवा डोळा झाकायला सांगत होतो. "समोरचं झाड दिसतं?"

"धुकं दिसते, सर."

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. पुन्हा धुकंच. मग मला विचारायचीही भीती वाटू लागली.

डॉक्टरांनी मशीनवर तपासलं. "डोळ्याच्या आत सूज आहे. बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटत चालली आहे. इतके दिवस काय केलं? गडद चष्मा कोणी दिला?"

"ह्या सरांनी," रफीकभाई म्हणाले. "तेच त घेऊन आले आमाले. नाहीतर आमी कायले येतो?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"नजर येईल ना, डॉक्टर?" मी विचारलं.

"आज सांगता येत नाही."

थेंब सुरू झाले. दर तपासणीला मी सोबत गेलो. सूज उतरली. धुकं विरलं. नजर बरीचशी परत आली, पण बाहुली वाकडीच राहिली आणि बारीक अक्षरांना तो डोळा अजूनही थकतो.

रंगीत काचेनं कुणाला आराम वाटत असेल, पण तो इलाज नव्हे. उजेड सहन न होणारा लाल डोळा आधी डॉक्टरकडे पाठवावा. एवढं साधं होतं.

रफीकभाई मात्र बाजारात सांगत फिरू लागले, "सरांनी पोरीचा डोळा वाचोला." ते मला ऐकवेना. मी त्यांच्या गॅरेजवर गेलो. शाहीन तिथंच डबा घेऊन आली होती. मी दोघांसमोर उभा राहिलो.

"मी डोळा वाचवला नाही, रफीकभाई. पहिल्याच दिवशी नीट तपासलं असतं, तर बाहुली गोल राहिली असती. शाहीन, बेटा, चूक माझी होती. मला माफ कर."