देवाशेजारी बसणारे दौलतगीर

देवळात गेलेला माणूस देवाकडे तोंड करून बसतो. दौलतगीर गोसावी देवाच्या शेजारी बसत आणि देवासारखेच लोकांकडे तोंड करून बसत. सोमवारी आमच्या गावच्या महादेवाला पाणी घालायला बाया यायच्या, तेव्हा पिंडीच्या उजव्या अंगाला, भिंतीला पाठ लावून, हा लांब नाकाचा म्हातारा मांडी घालून बसलेला असायचा. बायांना वाटे, आपण हात जोडतोय ते यालाच. एकदोघींनी माझ्याकडे तक्रार केली, कारण देवळाचा अध्यक्ष मी. मी म्हटलं, "बसू द्या त्याले. त्याची तशीच सवय हाये." सवय कशाची, ते सांगितलं नाही. गावात ते मला एकट्याला माहीत होतं. आता ही गोष्ट सांगतो आहे, तरी गावाचं नाव सांगत नाही आणि माणसाचं नावही फिरवलं आहे. आर्वीकडचं गाव आहे, एवढं पुरे.

पहिल्यांदा ते आले तेव्हा मी देवळापुढच्या मंडपात सुपारी कातरत बसलो होतो. बसमधून उतरले, घाम पुसला आणि सरळ विचारलं, "भाऊ, तुमच्या गावात मानसं कुठी गाडतात?"

असा प्रश्न कोणी विचारतं का? मी म्हटलं, "काऊन? तुमाले घाई हाये का?"

ते हसले. म्हणाले, "घाई नाई, रिझर्वेशन पाहून राह्यलो."

मग ओळख निघाली. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाले होते, वर्ध्याजवळ पिपरी मेघेला मुलाकडे राहत होते. जातीनं गोसावी. त्यांच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही निजवून नाही. मांडी घालून, उत्तरेकडे तोंड करून बसवतात. भोवती मीठ भरतात, माती टाकतात आणि वर महादेवाची पिंड ठेवतात. दौलतगीर म्हणत, "आमच्यात कोनी झोपत नाई, भाऊ. आमचे सारे सीटवर बसून हायेत."

त्यांचा आजा मोतीगीर भिक्षेच्या फेरीवर असताना तापानं गेला. साथीचे दिवस होते. घरी बातमी पोचली ती सोबतच्या दोन गोसाव्यांच्या तोंडून: आर्वीहून मीठ आणलं, नाल्याकाठी म्हातारा बसवला, वर पिंड ठेवली आणि निघालो. गाव ओस होतं, त्याचं नाव सांगायलाही कोणी नव्हतं. दौलतगीरांच्या बापानं तेवढंच ऐकलं आणि मरेपर्यंत सांगितलं. नोकरी होती तोवर दौलतगीर खिडकीतून नाले पाहत राहिले. नोकरी सुटल्यावर उतरून पाहू लागले. पुलगावपासून आर्वीपर्यंत प्रत्येक गावाच्या कडेला जुन्या समाध्या शोधायच्या, सापडली की चपला काढून तिच्या शेजारी तिच्याच दिशेनं बसायचं. "तिथं बसल्यावर समजते," ते म्हणत. "आपला असला तं मानूस थोडा सरकून जागा देते." तहसिलीत जाऊन जुन्या कोतवाल बुकाच्या नकला काढल्या. कोतवाल पूर्वी गावातले जन्म-मृत्यू, नुसते कानावर आलेलेसुद्धा, लिहून ठेवायचा. एका नकलेत आमच्या गावाच्या नावापुढे 'गोसावी, परगावचा, ताप' एवढंच होतं. समाधी कुठं, ते कोण लिहितो?

मी म्हटलं, आमच्याकडे गोसाव्याची समाधी नाही. आणि माणूस लांबून आला आहे तर आपल्या देवाची गोष्ट ऐकवावी, म्हणून ऐकवली. ती मी सगळ्यांनाच ऐकवायचो. माझी शाळा तिसरीत सुटली, पण हे देऊळ मी उभं केलं, वावर माझं दिलं, आणि देव तर माझ्या बापाला दिसला. साथीत गाव सोडून लोक वावरात झोपड्या करून राहिले होते. परत आले तेव्हा आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नाल्याकाठी पिंड उभी. स्वयंभू. कोणी आणली नाही, कोणी ठेवली नाही. माझ्या लहानपणी पिंडीवर छप्परही नव्हतं. गावच्या बकऱ्या चरायला सुटल्या की आधी तिथं जायच्या, पुढचे पाय दुमडून गुडघ्यावर यायच्या आणि माती चाटायच्या. मुकी जनावरं देवाला नमस्कार करतात म्हणून लांबलांबचे लोक पाहायला येत. त्यावरूनच महादेव नवसाला पावतो असं झालं.

दौलतगीर ऐकता ऐकता पुढे सरकले. मग हळूच म्हणाले, "भाऊ, बकरी गुडघ्यावर येते ते मिठासाठी."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा अंगाचा भडका झाला. "बुवा, बस किती वाजता हाये तुमची?" मी विचारलं.

"जातो," ते म्हणाले. "आत जाऊन येऊ का एकडाव?"

देवाच्या दारात कोणाला नाही म्हणता येत नाही. आत गेले. मी दारातून पाहिलं तर पिंडीशेजारी मांडी घालून, माझ्याकडे तोंड करून बसलेले. डोळे मिटलेले. पिंड आणि माणूस, दोघंही माझ्याकडे पाहत आहेत असं वाटून मीच बाजूला झालो.

पुढच्या सोमवारी ते पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही. मी बोलत नव्हतो. आज हा तोंड उघडेल, उद्या उघडेल, अशा धास्तीत माझे दिवस जात. आरतीला उभा राहिलो की मनात यायचं, कोणाची आरती करतोय मी? पण सोडली तर लोक विचारतील. शेवटी मीच त्यांना मंडपात बोलावलं आणि म्हटलं, "काय पाहिजे तुमाले? पाटी लावाची हाये का आज्याच्या नावाची?"

"लावाची होती," ते म्हणाले. "त्याच्यासाठीच तं इतकी गावं फिरलो."

तेवढ्यात शेजारच्या खेड्यातली एक सून नवस फेडायला आली. तिनं तीन-चार महिन्यांचं लेकरू पिंडीपुढे ठेवलं आणि कपाळ टेकलं ते उठेचना. सासू म्हणाली, "उठ ओ बाई, देव आयकते, कान फुटले नाईत त्याचे." लेकरू रडायला लागलं. दौलतगीर उठले, लेकराच्या तळपायाला बोट लावलं आणि बाहेर आले.

"पाहिलं?" मला म्हणाले. "म्हाताऱ्याले घरचं नातवंड पाहाले भेटलं नाई. अन् इथं सारा गाव त्याच्या मांडीवर लेकरं आनून टाकते. आता म्या पाटी लावली तं ह्या बाईनं काय समजाचं? लेकरू कोनी देलं मले, मेलेल्या मानसानं? राहू द्या, भाऊ. चालू गाडीतून पॅसिंजर उतरवत नाई मी."

त्या दिवशी त्यांना मी घरी जेवायला नेलं. वाढताना सूनबाईनं विचारलं, "बुवा, तुमचा नवस कोनता हाये?" ते म्हणाले, "माही गाडी फसली हाये, बाई. पुढच्या दारानं चढलो, मांगच्या दाराले गर्दी. उतरताच येत नाई." सगळे हसले. मी ताटाकडे पाहत जेवलो.

अशी आमची मैत्री झाली, दोघंही एकाच खोलीत कोंडल्यासारखी. दुसऱ्या कोणाशी बोलता येत नसे म्हणून आम्ही एकमेकांशीच बोलायचो. मी चिडून म्हणायचो, "तुम्ही आलेच नसते तं बरं होतं." ते म्हणायचे, "तुम्ही बकऱ्याची गोष्ट सांगाचीच नव्हती." आणि दोघं मिळून चहा प्यायचो. देवळातून निघताना मागे वळून म्हणायचे, "येतो बाबा, जागा धरून ठेवजा."

मग एक सोमवार ते आले नाहीत. बसमध्ये चढताना पडले, मांडीचं हाड मोडलं. मी पिपरी मेघेला गेलो. तिसरा मजला, खाली रिकाम्या प्लॉटमध्ये सगळीकडे बांधकामं. सून दिवसभर शाळेत शिकवायची, मुलगा राजेश कचेरीत. म्हातारा पुन्हा जिना उतरेल म्हणून लोखंडी दाराला बाहेरून कुलूप. शेजारच्या बाईंनी किल्ली आणून दार उघडलं. दौलतगीर गॅलरीच्या गजांना धरून खुर्चीवर होते.

"या," म्हणाले. "पाहा काय जागा भेटली. खिडकी हाये, पन गाडी हालत नाई." मग हात धरला. "भाऊ, मले हे लोक जाळतीन. पोरगा वाईट नाई, पन म्हनते बाबा, वर्ध्यात मानूस पुराले जागा कुठी हाये. तुमच्या धुऱ्यावर आज्याच्या उजव्या अंगाले, देवळाच्या भिंतीबाहेर, मले बसवा. बसलेल्या मानसाले किती जागा लागते?"

मी म्हटलं, "देली."

"अन् पिंडीखाली कोन हाये ते कोनाले सांगाचं नाई. मी गेल्यावरही नाई. वचन द्या."

तेही दिलं. दोन्ही वचनं एकाच हातावर हात ठेवून दिली. ती एकमेकांना आडवी येतील हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

आषाढात राजेशचा फोन आला. बाबा गेले, तुमच्याशी बोलणं झालंय म्हणत होते, आणू का? मी म्हटलं, आणा. माणसं लावून भिंतीलगत खड्डा खणला, मिठाची पोती आणली. गाडी येईपर्यंत गाव गोळा झालं. कोणी आवाज चढवून बोललं नाही, याचंच मला जास्त लागलं. सरपंच म्हणाला, "आबाजी, श्रावण तोंडावर आला. देवाच्या अंगाले मढं?" मी म्हटलं, वावर माझं आहे. माझाच मुलगा म्हणाला, "बाबा, वावर आपलं हाये, पन देव गावाचा हाये."

मी खड्ड्याच्या काठावरून हललो नाही. गाडीचं मागचं दार उघडं होतं. तेव्हा गर्दीतून कोणीतरी विचारलं, "असा कोन लागते हा मानूस देवाचा, का त्याले देवाजवळ बसवाचं?"

सारे माझ्याकडे पाहू लागले. एका शब्दाचं काम होतं. नातू लागते, एवढंच. बाया देवळाच्या पायरीवर उभ्या होत्या, काही माझ्या घरच्या, ज्यांची लेकरं त्याच पिंडीपुढे ठेवून मोठी झाली. मी तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. राजेश जवळ येऊन म्हणाला, "काका, राहू द्या. तुम्ही खूप केलंत." चालकानं दार लावलं.

मी गाडीत दौलतगीरांजवळ बसून वर्ध्याला गेलो. गावातलं कोणी आलं नाही, मी कोणाला या म्हटलंही नाही. दहनघाटावर त्यांना आडवं निजवलं. मी मांडी वळवायला सांगितली, तर हाड मोडलेला पाय वळेना, आणि तिथल्या माणसाला घाई होती.

नोंद करणारा टेबलापाशी होता. नाव, वय, कशानं गेले, सगळं राजेशनं सांगितलं. मूळ गाव विचारलं तेव्हा राजेश म्हणाला, "आर्वी लिहा."

मी पुढे झालो आणि आमच्या गावाचं नाव सांगितलं.

"हे कोण?" त्यानं राजेशला विचारलं.

"बाबांचे मित्र. पण काका, आमचं तिथं कोण होतं?"

"आधी लिहू द्या त्याले," मी म्हटलं. त्यानं लिहिलं. कागद माझ्याकडे वळवून घेतला, अक्षरं जुळवत वाचलं, बरोबर होतं.

राजेशचा अजूनही फोन येतो. खुशाली विचारतो आणि शेवटी तेच विचारतो, काका, त्या गावात आमचं कोण होतं. मी म्हणतो, एकडाव दर्शनाले या. तो म्हणतो, येतो. अजून आलेला नाही.