डावीकडचे ओट्स

आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो: कार्ट किती वेळा धडकली? मी तिथे शून्य लिहिलं.

खरं म्हणजे एकदा धडकली होती. दुकानात शिरताच डाव्या हाताला बिस्किटांच्या खोक्यांचा मनोरा होता. सुधाकाकूंची कार्ट त्याला लागली आणि वरची दोन खोकी खाली आली. काकू म्हणाल्या, "मेले मुद्दाम वाटेत मांडतात." मी हसलो, कारण ते खरंच आहे. अशी रास वाटेत मांडली की गिऱ्हाईक थबकतं, आणि थबकलं की काहीतरी उचलतं. चूक दुकानाची, असं मी ठरवून टाकलं.

मी कॅनडात, हॅलिफॅक्समधल्या एका रीहॅब हॉस्पिटलमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. फिजिओथेरपिस्ट माणसाला चालायला लावतो. तो माणूस चालत जाऊन घरी दूध आणू शकतो का, हे मी बघतो. त्यासाठी पेशंटला खऱ्या दुकानात नेतो, हातात आठ वस्तूंची यादी देतो, चार पावलं मागे राहतो आणि तोंड बंद ठेवतो. हे शेवटचं मला सगळ्यात जड जातं. ग्रोसरी आपल्याला किरकोळ काम वाटतं, पण मेंदूला तसं नसतं. यादी धरायची, शोधायचं, निवडायचं, लोकांना चुकवायचं आणि नको ते घ्यायचा मोह आवरायचा, हे सगळं एकाच वेळी.

काकू एकोणऐंशी वर्षांच्या. मूळच्या साताऱ्याच्या. इथल्या युनिव्हर्सिटीत त्यांनी आयुष्यभर स्टॅटिस्टिक्स शिकवलं. दोन वर्षांपूर्वी काका गेले. त्यातून सावरून एकटीने घर चालवायला लागल्या, तोच मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक आला. आता हातपाय बरेच सुधारले होते. बोलणं तर बिघडलंच नव्हतं, उलट धार आली होती. त्यांचा मुलगा अमोल टोरोंटोजवळच्या मिल्टनला असतो. त्याने बेसमेंटमध्ये आईसाठी खोली करून घेतली होती, वॉशरूमसकट. काकूंनी त्या खोलीची धास्तीच घेतली होती.

"तिथे कोथिंबीर हवी असली तरी कोणीतरी गाडी काढायला हवी," त्या मला म्हणाल्या. "मी पार्सल होऊन राहीन रे. जिथे ठेवतील तिथे."

हॅलिफॅक्सच्या त्यांच्या घरासमोर बस थांबते आणि दुकान पायी दहा मिनिटांवर आहे. डिस्चार्ज शुक्रवारी होता. घर की मिल्टन, हे बरंचसं माझ्या रिपोर्टवर ठरणार होतं.

मी दोन चुका केल्या. पहिल्याच दिवशी त्यांना काकू म्हणालो, ही एक. दुसरी म्हणजे त्यांच्या नेहमीच्या दुकानात परीक्षा घेतली. त्यांनीच हट्ट धरला होता आणि मला तो पटला. बुधवारी सकाळी काकू त्या दुकानातून अशा फिरल्या की मलाच पळावं लागलं. यादीत ब्रोकोली होती, ती पिवळी पडलेली दिसली म्हणून त्यांनी फ्लॉवर घेतला. नियमाने ही यादी मोडल्याची चूक. माझी सुपरवायझर ब्रेंडा हिच्याशी मी त्यावरून वाद घातला. आमच्याकडे भाजी घरी बसून ठरवत नाहीत, भाजीसमोर उभं राहून ठरवतात, असं तिला सांगितलं. ब्रेंडा जवळच्या केप ब्रेटन बेटावरची, कमी बोलणारी बाई. तिने ऐकून घेतलं आणि ती चूक खोडली.

तिथे मी बरोबरच होतो. पण एकदा आपल्या माणसासाठी भांडून जिंकलं की माणूस सैल होतो. आपला तो बाब्या. त्याच झोकात मी पुढच्या रकान्यात शून्य लिहिलं.

दुपारपासून मला चैन पडेना. रिपोर्ट तयार होता, फक्त सबमिट करायचा होता. मी दोनदा उघडला आणि दोनदा बंद केला. पाल चुकचुकत होती, पण कुठे ते कळत नव्हतं. जागेवरून उठावं, कॉफी घ्यावी, न पिता ठेवून द्यावी, असं चाललं होतं.

संध्याकाळी घरी जाताना मी दूध घ्यायला थांबलो. घरी आलो तेव्हा माझ्या हातात चार लिटरची पिशवी होती. बायको फ्रिजचं दार धरून माझ्याकडे बघत राहिली.

"मीरा टोरोंटोला जाऊन सहा महिने झाले," ती म्हणाली. "आपण दोघं किती दूध पिणार?"

मागच्या आठवड्यात मी हेच केलं होतं. त्याच्याही मागच्या. दूध ओतून देताना दर वेळी मला लेकीची आठवण येऊन वाईट वाटायचं, आणि दर वेळी मी पुन्हा तीच पिशवी आणायचो. दुकानात काय काय बघितलं ते आठवायला गेलो तर काहीच आठवेना. मी काही बघितलंच नव्हतं. पाय ओळखीच्या वाटेने गेले, हाताने ओळखीची पिशवी उचलली.

तिथे उभ्या उभ्या मला सकाळचं दुकान आठवलं. काकूंनी तरी काय केलं होतं? तीस वर्षं अंगवळणी पडलेल्या दुकानात त्यांना बघायची गरजच नव्हती. अख्ख्या दुकानात त्या दिवशी नवीन गोष्ट एकच होती, तो खोक्यांचा मनोरा. तो डावीकडे होता. आणि कार्ट त्यालाच धडकली होती.

उजव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर काहींना डावी बाजू जाणवत नाही. डोळे ठीक असतात, पण मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. हे सौम्य असेल तर कागदावरच्या टेस्टमध्ये निसटतं. काकूंच्या बाबतीत निसटलं होतं.

गुरुवारी सकाळी मी ब्रेंडाला सांगितलं की रिपोर्ट बदलायचा आहे.

"शंका आहे की खात्री?" तिने विचारलं.

"शंका."

"मग आज पुन्हा घेऊन जा. दुसऱ्या दुकानात."

काकू चिडल्या. अमोलने मला फोन केला असणार, अशी त्यांची खात्रीच झाली. केला नव्हता. "तू आपला म्हणून मी भरवसा ठेवला," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. मलाही वाईट वाटत होतं. माझी शंका खोटी ठरावी असं मला मनापासून वाटत होतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या त्या दुकानात त्या कधीच गेल्या नव्हत्या. पहिल्या चार वस्तू मिळाल्या. चारही उजव्या बाजूच्या शेल्फवर होत्या. पाचवी वस्तू ओट्स. ते डावीकडे होते, डोळ्यांच्या उंचीवर, मोठ्या निळ्या डब्यांची रांगच्या रांग. काकू त्यांच्याजवळून सरळ पुढे गेल्या.

"या दुकानात ओट्स नाहीत," त्या म्हणाल्या.

मी जीभ दाताखाली धरली होती. त्या गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या आणि परत यायला लागल्या. आता ओट्स त्यांच्या उजव्या हाताला आले. त्या थांबल्या. एक डबा उचलला, गल्लीच्या त्या टोकाकडे बघितलं, मग डब्याकडे. आयुष्यभर आकड्यांतून अर्थ काढलेली बाई होती ती, समजावून सांगावं लागलं नाही.

"जाताना नव्हते," त्या म्हणाल्या. "डावीकडचं सगळंच जातं का रे?"

"सगळं नाही. गर्दीत, घाईत, नवीन जागी."

"आणि रस्त्यावर?"

कॅनडात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. फुटपाथवरून पाय खाली टाकला की पहिली गाडी डावीकडूनच येते. मी तेवढंच सांगितलं. काकूंनी डबा कार्टमध्ये ठेवला आणि माझा हात घट्ट धरला. मग म्हणाल्या, "उरलेल्या तीन वस्तू शोधू दे मला. परीक्षा अर्धी सोडायची नाही." त्यातली एकच मिळाली.

शुक्रवारचा डिस्चार्ज रद्द झाला. अमोल विमानाने आला होता. मीटिंगमध्ये त्याला वाटलं, प्रश्न सुटला, आता मिल्टन. काकू म्हणाल्या, "मला सहा आठवडे दे. मग पुन्हा परीक्षा. दुकान तू निवड, मला आधी सांगू नकोस."

"मॉम, धिस इज नॉट अ मॅथ प्रॉब्लेम."

"मग कसला आहे? तुझ्या बेसमेंटमध्ये मला डावी बाजू मिळणार आहे का?"

अमोलने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो की सुधारणा होऊ शकते, पण खात्री देत नाही. त्या वेळी माझ्या शब्दाला फारशी किंमत नव्हतीच.

सहा आठवडे काकू हॉस्पिटलमध्येच राहिल्या आणि आम्ही एकच गोष्ट घोटली. कार्टच्या डाव्या टोकाला लाल फीत बांधली. ती दिसेपर्यंत मान वळवायची, मगच शोधायला सुरुवात. प्रत्येक शेल्फपाशी. प्रत्येक सिग्नलपाशी आधी डावीकडचा रस्ता बघायचा, मगच पाय उचलायचा. काकू कंटाळायच्या, शिव्या घालायच्या, एकदा रडल्याही. पण करायच्या.

अमोलने एक अवाढव्य दुकान निवडलं. या वेळी तो मागे चालला आणि मी त्याच्या मागे. फेरीला पाऊण तास लागला. सात वस्तू काकूंनी शोधल्या, आठवी एका कर्मचाऱ्याला विचारून घेतली. विचारून घेणं चालतं. मग आम्ही बाहेरचा रस्ता ओलांडला. पादचाऱ्यांचा सिग्नल सुरू झाला तरी काकू हलल्या नाहीत. त्यांनी मान डावीकडे वळवली आणि वळून येणारी एक व्हॅन जाऊ दिली. अमोलने ती व्हॅन बघितली आणि मिल्टनचं नाव पुन्हा काढलं नाही.

काकू स्वतःच्या घरी गेल्या. अजून तिथेच आहेत. पण बाजारहाट करून दमतात. परवा फोनवर म्हणाल्या, "पूर्वी भाजी घेता घेता मी ह्यांच्याशी मनात बोलायचे. आता ते जमत नाही. सगळं लक्ष भाजीवरच द्यावं लागतं."

 

पेशंटची परीक्षा अनोळखी जागी घ्यावी, हे आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. नागपूरहून इथे येऊन वीस वर्षं मी तेच नव्या मुलांना शिकवतो आहे.