गोविंदशेट चढले की थांबणारी थरथर

१९३२ सालच्या वैशाखात, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, माझे थोरले बंधू अण्णा नव्या नवरीला घेऊन स्वतःच्या लॉरीतून खालापूरहून कर्जतला आले. वाटेत लॉरी थरथरली नाही. त्याआधी तीन-चार महिने तिची थरथर फक्त एक माणूस गाडीत असला तरच थांबत होती, आणि तो माणूस त्या दिवशी गाडीत नव्हता.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी तेव्हा एका दैनिकाचा कर्जतचा वार्ताहर होतो. कुणी पाणवठ्यावरच्या हडळीची बातमी घेऊन आला, की मी विचारायचो – पाहिली कुणी, आणि त्याचं नाव छापू का? बातमी तिथंच संपायची. खाली दिलेलं सगळं मी स्वतः गाडीत बसून पाहिलेलं आहे.

आम्ही कासार. घरात पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांचा धंदा. अण्णांनी तो सोडून लॉरी घेतली. ती आधी लढाईत लष्कराकडे होती, मग पुण्याच्या एका ठेकेदाराकडे. आमच्याकडे आली तेव्हा चालायची चांगली, पण थरथरायची. खड्ड्यांचे गचके निराळे. ही थरथर सपाट रस्त्यावरही यायची, गाडीनं जरा वेग धरला की सुरू, आणि उतरल्यावरही काही वेळ दातांत राहायची. बाजारात लोक अण्णांना विचारायचे, "काय कासार, काचेचा चुरा काय भावानं?"

अण्णा हसण्यावारी न्यायचे. मग खालापूरच्या गोविंदशेटनी तोच प्रश्न विचारला आणि हसणं बंद झालं. गोविंदशेट बांगड्यांचे मोठे व्यापारी. त्यांच्या यमुनेचं स्थळ अण्णांना आलं होतं. अण्णांनी तिला एकदाच पाहिलं होतं, आणि त्यानंतर ते जेवताना दोनदा मीठ वाढून घेऊ लागले होते. आईनं काय ते ओळखलं.

"पोरगी द्यायला माझी ना नाय," गोविंदशेट म्हणाले. "पण कासाराचा जावई, आन् त्याच्या गाडीत काच टिकत नाय, हे लोक मला जन्मभर ऐकवणार. संक्रांतीनंतर माझा माल कर्जत स्टेशनावर येतोय. तो खालापूरला धड आणा, पोरगी तुमची. नाय जमलं तर आमी दुसरं स्थळ बघू."

जाताना त्यांनी दोन हिरव्या बांगड्या अण्णांच्या हातावर ठेवल्या. "ह्या गाडीत टांगा. ह्या गप बसल्या की मला सांगा."

अण्णांनी ड्रायव्हरच्या समोरच्या फळीवर खिळा मारून त्या टांगल्या. खड्ड्यात त्या एकदा खणकायच्या. थरथर सुरू झाली की बारीक, अखंड किणकिण. मोजमाप म्हणून याहून चांगलं काही मिळालं नसतं.

दुरुस्तीला इब्राहिमचाचा आले. रेल्वेत फिटर होते, नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरी बसून कंटाळले होते. त्यांनी पहिल्या दिवशी एकही पाना हातात घेतला नाही. नुसती गाडी पळवायला लावली. उतारावर गिअर काढून इंजिन बंद करायला सांगितलं. किणकिण चालूच राहिली.

"इंजिन दोषातून सुटलं," चाचा म्हणाले. "आता खाली बघायचं. अण्णा, हात कापतो का बूड?"

"म्हणजे?"

"स्टेअरिंगवरचा हात कापला तर दोष पुढच्या चाकांत. बूड कापलं तर मागं."

"दोन्ही कापतंय, चाचा."

"मग दोष पण दोन आहेत. शादी करायची आहे ना? मग सबर ठेव."

दोष दोनाहून जास्त निघाले. पुढचा एक टायर ठेकेदाराच्या अंगणात एका जागी उभा राहून चपटा झाला होता, तो बदलला. मागच्या एका चाकाच्या नटांचे आटे गेले होते. डाव्या स्प्रिंगचा एक पाटा मोडला होता. इंजिनाकडून मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा झिजला होता. तो चाचांनी नवा करून बसवला. प्रत्येक दुरुस्तीनंतर किणकिण कमी झाली. शेवटी अगदी थोडी उरली आणि तिथंच अडली. चाचांनी सगळं परत उघडलं, परत बसवलं, दांडा उलटा फिरवून पाहिला. काही उरलं नव्हतं, आणि थरथर उरली होती.

माल आला त्या दिवशी अण्णांनी सकाळी चहासुद्धा घेतला नाही. पेंढ्यात बसवलेल्या पेट्या लॉरीत चढल्या. गोविंदशेट स्वतः आले होते; पेट्यांना पाठ लावून मागच्या चाकाच्या वर मांडी घालून बसले. मी त्यांच्याशेजारी. अण्णा आणि चाचा पुढे.

पळसदरीपर्यंत मी बांगड्यांच्या आवाजाची वाट बघत होतो. पळसदरी गेली. खोपोली गेली. मुंबई-पुणे रस्त्याला लागल्यावर अण्णांनी वेग वाढवला. बांगड्या खिळ्यावर गप होत्या. चाचांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

खालापूरला शेटजींनी एकेक पेटी उघडून पाहिली आणि म्हणाले, "कुठं हलते ही? उगाच बदनामी करतात लोक."

येताना लॉरी रिकामी होती. खोपोलीच्या अलीकडेच बांगड्या किणकिणू लागल्या.

अण्णा दुसऱ्याच दिवशी खालापूरला गेले आणि शेटजींना खरं ते सांगितलं. मुलगी फसवून आणायची नव्हती.

"जावईबापू," शेटजी म्हणाले, "मी बसलो होतो ना तिच्यात? काय मला कळत नाय?"

अडचण हीच होती. ते बसले की थरथर थांबायची, त्यामुळे ती त्यांना कळायचा मार्गच नव्हता. शेवटी त्यांना रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि लॉरी त्यांच्यासमोरून नेली. किणकिण त्यांनी बाहेरून ऐकली. मग ते चढले, आवाज बंद. उतरले, सुरू. तिसऱ्यांदा चढताना ते हसू लागले.

पुढं आम्ही रीतसर पडताळा घेतला. स्टेशनच्या मालधक्क्यावर शेटजींचं वजन केलं आणि तेवढ्याच भाताच्या गोण्या त्यांच्या जागी ठेवल्या. थरथर थांबली नाही.

"माझ्या जागी गोणी," शेटजी म्हणाले. "बरं हाय. उद्या तिलाच सासरा म्हणा."

त्यांच्याच अंगलोटाचे आमचे एक मामा बसवून पाहिले. उपयोग झाला नाही. चाचांना शेटजींच्या खिशात लोहचुंबक असल्याचा संशय होता. तपकिरीची डबी निघाली. डबीशिवाय बसवलं. झोपलेले असताना पाहिलं, पुढे बसवून पाहिलं, भांडण काढून रागावलेले असताना पाहिलं. प्रत्येक वेळी बांगड्या गप. एकदा यमुनाबाई आपल्या काकूंबरोबर लग्नाच्या खरेदीला कर्जतला आल्या, वडिलांशिवाय. लॉरी नेहमीसारखी थरथरली. काकूंनी तसं बोलूनही दाखवलं.

लग्न ठरलं. दरम्यान ही गोष्ट तालुकाभर झाली. कळंबचा कुंभार मडकी घेऊन नाक्यावर उभा राहायचा आणि आधी विचारायचा, "शेट हायेत का रं आज? असतील तर भरतो. नायतर माझी बैलगाडी बरी." कोंडाण्याची एक आजी दवाखान्याला जायची ती शेटजींचा दिवस बघून. "माझी कंबर त्येंच्याबिगर चढायची नाय," म्हणायची. शेटजींना हे सगळं भलतंच आवडलं होतं. काम नसतानाही ते येऊन बसायचे.

लग्न खालापूरला झालं. यमुनाबाईंच्या हातातला हिरवा चुडा शेटजींनी स्वतः भरला, कोपरापर्यंत. दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी अण्णांच्या लक्षात आलं – आमच्यात मुलीचा बाप वरातीबरोबर सासरी जात नाही. आणि नव्या चुड्यातली बांगडी वाटेत फुटणं कुणालाच चालणार नव्हतं.

"तुम्ही कर्जतच्या वेशीपर्यंत तरी चला," अण्णा म्हणाले.

"नवरीचा बाप वरातीत? लोक म्हणतील, पोरीबरोबर ह्यालाबी नांदायला पाठवला."

"मग बैलगाडी सांगू का?"

त्यावर यमुनाबाई पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलल्या. "लॉरीवाल्याकडं दिलीय मला. बैलगाडीतून काय म्हणून जाऊ?" आणि त्या चढून पेट्यांच्या जागी, मागच्या चाकाच्या वर बसल्या.

शेटजी दारात उभे होते. लॉरी वळली तेव्हा त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि लगेच ओरडले, "हळू घ्या वो जावईबापू, काच हाय!"

अण्णांनी हळू घेतली. खोपोली मागं पडली तेव्हा जरा वेग वाढवला. बांगड्या गप होत्या. आणखी वाढवला. गप. चाचांनी गाडी थांबवायला लावली, मागं आले, ताडपत्री उचलून खाली पाहिलं.

"शेट इधर छुपे तो नहीं?"

नवरी इतकी हसली की चुडाच किणकिणला. रस्त्यात ऐकू आलेली किणकिण तेवढीच. कर्जतला आईनं चुडा पाहिला. एकही बांगडी फुटली नव्हती.

नंतर आम्ही ते पडताळूनही पाहिलं. वहिनी गाडीत असल्या की थरथर नाही. नसल्या की आहे. चाचा वारेपर्यंत या गाडीबद्दल विचारलं की म्हणायचे, "सगळे दोष मी काढले. हा दोष नव्हताच." याचं कारण मला तेव्हा सापडलं नाही, आताही सांगता येत नाही. शेवटची नोंद अशी आहे.

ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आधी, गोविंदशेट माल घ्यायला कर्जतला आले. वहिनी घरी होत्या. शेटजी नेहमीप्रमाणे पेट्यांना पाठ लावून बसले, मी शेजारी. पळसदरीच्या जवळ त्यांनी एकदम फळी ठोकली. अण्णांनी गाडी थांबवली. शेटजी मांडीवरचे दोन्ही हात वर करून आपल्याच हातांकडे पाहत राहिले.

"जावईबापू," ते म्हणाले, "ही हलतेय."

आम्ही परत फिरलो आणि वहिनींना घेतलं. माल दुपारी खालापूरला पोचला. फुटलेली बांगडी निघाली नाही.