जाळीत भोक नव्हतं

मुलीचं लहान कासव माझ्यामुळे मेलं आणि मुंगसानं नेलं असं मी तिला सांगितलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे आडवळणं घ्यावीशी वाटणार नाहीत.

आम्ही इकडे हिंदी मुलखात, पिपलानीत कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतो. मागच्या बागेत मुलीनं कॉलेजात असताना सिमेंटचं एक उथळ टाकं बांधून घेतलं. त्यात लाल कानांची दोन कासवं होती, एक तळहाताएवढं आणि एक त्याहून लहान. अर्ध्या टाक्यावर जास्वंदीची सावली, अर्ध्यावर ऊन. पाण्याबाहेर येऊन अंग शेकता यावं म्हणून एका कडेला तिरपी फरशी. कावळे आणि मुंगसं येऊ नयेत म्हणून वर तारेची जाळी, तिनं स्वतः बांधलेली. नोकरीसाठी पुण्याला जाताना ती म्हणाली, "बाबा, नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवूनच टाकायचं. आणि टाक्यात दुसरं काही टाकायचं नाही. काहीही म्हणजे काहीही."

आमचा गणपती दीड दिवसाचा. गेल्या वर्षी विसर्जनाच्या संध्याकाळी मी ड्यूटीवरून आलो तो पाय ओढतच. विसर्जन कुंडापर्यंत स्कूटर काढायचं त्राण नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, मग निदान बादलीत तरी करा." बादलीत देव बुडवणं मला बरं वाटेना. मूर्ती शाडूची, वीतभर. आरती झाली, मी जाळी उचलली आणि देव टाक्यात सोडला. कासवं कोपऱ्यात सरकली. मी जाळी परत लावली आणि आडवा झालो.

मूर्ती पूर्ण विरघळेपर्यंत पाणी हलवायचं नाही, मग ते झाडांना घालायचं, ही आमच्या घरची रीत. ती मी टाक्यालाही लावली. पाणी गढूळ झालं, वर गुलाबी तवंग आला. दोन दिवस मी सकाळी ते बघत होतो आणि तसाच कामावर जात होतो. कासवं काढून टबात ठेवायला दहा मिनिटं लागली असती. तिसऱ्या दिवशी लहान कासवाचे डोळे सुजून मिटले होते. तेव्हा कुठे मी टाकं उपसलं. पण ते काही खाईना, आणि आठवड्याच्या आत गेलं. रंगानं की गाळानं, मला सांगता येणार नाही. मी ते जास्वंदीखाली पुरलं.

फोनवर मुलीला म्हणालो, "मुंगूस आलं होतं बहुतेक." "मोठं आहे ना?" तिनं विचारलं.

बायको शेजारी मेथी निवडत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "मुंगसाला बोलता येत नाही, म्हणून तुमचं निभावलं."

दिवाळीला मुलगी आली, ती बॅग पडवीत टाकून सरळ मागे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पक्कड घेऊन जाळीपाशी बसलेली. जुन्या तारा सोडवत होती, एकेक चौकोन बोटानं दाबून बघत होती.

"गॅप कुठे राहिली होती, समझ में नहीं आ रहा, बाबा."

"राहू दे गं आता. चहा घे."

"राहू दे काय? मेरी ही गलती है. निघायच्या घाईत बांधली होती मी. मोठं वाचलं ते नशीब." तिच्या बोटाला तार लागली होती. ते तिनं तोंडात धरलं आणि पुन्हा जाळीवर वाकली. "तुम्ही तेव्हा जाळी बघितली असेल ना? कुठून घुसलं असेल, दाखवा ना."

दाखवायला जागाच नव्हती. मी तिच्या शेजारी ओल्या विटांवर बसलो. गुडघे दुखत होते. पक्कड तिच्या हातातून घेतली.

"मुंगूस आलंच नव्हतं," मी म्हणालो. "मी टाक्यात गणपती सोडला आणि दोन दिवस पाणी तसंच ठेवलं. तुझी जाळी चांगली आहे, बेटा. चूक माझी होती, आणि ती मी तुझ्यावर येऊ दिली. मला माफ कर."