कोन पडला

आधीच सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये कुणी अक्कल शिकवायला नको – मी भुताखेतांची टिंगल करणाऱ्यांपैकी आहे. आमच्या लालबागच्या चाळीत जिन्याखाली बाई दिसते म्हणायचे. तिथे मी वीस वर्षं सायकल लावली. दिसली असती तर सायकल पुसून घेतली असती तिच्याकडून.

तर, भट्टी. माझी बायको सुलू तळमजल्यावरच्या खोलीत मातीची भांडी करायची. पिंपाएवढी इलेक्ट्रिक भट्टी, समोर तापमान दाखवणारा आणि ठरवलेल्या आकड्याला भट्टी बंद करणारा मीटर. पण सुलूचा मीटरवर काडीचा विश्वास नव्हता. ती आत ‘कोन’ ठेवायची – बोटाएवढा सुळका, ठरलेल्या तापमानाला बरोबर मान टाकतो. भट्टीच्या भोकातून बघत राहायचं, कोन वाकला की स्विच बंद. आणि वाकला की ही बया ओरडणार, “कोन पडला!” आता आमच्या चाळीत ‘कोण’ला ‘कोन’च म्हणतात. पहिल्यांदा अर्धी चाळ विचारत धावत आली होती, कोन पडला, कोन पडला... मी तर पँट चढवता चढवता खरोखरच पडलो.

सुलू जाऊन आता दोन वर्षं होतील. तिने केलेले शेवटचे सहा कप भाजायचे राहून गेले. कच्ची माती ती, पाणी लागलं की चिखल. वर्षभर मी ते टीव्हीवरच्या कपाटात ठेवले, फडकंसुद्धा लावलं नाही. कप भाजायचे ते एकदाच. चुकलं की संपलं.

आणि भट्टी बिघडलेली! चाचणीसाठी मी चार वाडगे केले होते (वाडगे म्हणायचं आपलं). वरच्या फळीवरचे पक्के, खालच्या फळीवरचे कच्चे. मग व्हिडिओ बघून खालची कॉइल मी स्वतः बदलली. बदलताना तापमान मोजणारी कांडी आड येत होती, ती बाहेर ओढली. परत घालताना... अर्धीच घातली. टोक भट्टीच्या आत नाही, भिंतीच्या विटेतच. म्हणजे आत हजार डिग्री झालं तरी मीटर नऊशे दाखवणार आणि भट्टी तापतच राहणार. हे नंतर कळलं. त्या दिवशी मी स्वतःला इंजिनिअर समजत होतो.

कप ठेवले. सुलूने ठेवला असता म्हणून एक कोनही ठेवला. मीटरला सांगितलं, हजारला बंद हो. खोलीला कुलूप लावून तिसऱ्या मजल्यावर घरी गेलो, आमटी-भात जेवलो आणि चक्क झोपलो. चालू भट्टी सोडून. शिव्या घाला, मान्य आहेत.

दुपारी चारच्या सुमारास फोन वाजला. भट्टीच्या शेजारी मसाल्याचं दुकान आहे, तिथली वैशाली. सुलू गेल्यानंतर इथे आली, सुलूला तिने कधी पाहिलेलंही नाही.

“काका, तुम्ही पडलात का?”

“मी गादीवर आहे गं.”

“मग आत कोण आहे? बाईमाणूस ओरडलं. ‘कोन पडला’ म्हणाली. दोनदा.”

तीन मजले कसे उतरलो, आठवत नाही. कुलूप जसंच्या तसं, किल्ली माझ्या खिशात. आत कुणी नाही. भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढलेला, म्हणजे बंद. भोकातून पाहिलं... आत लाल उजेड होता आणि कोन नुकताच वाकलेला. जितका वाकायला हवा, तितकाच.

मी तिथेच जमिनीवर बसलो. वैशालीने पाणी आणलं.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. सहाही कप टणटणीत. अजून थोडा वेळ तापली असती तर ती लाल माती फुगून बसकण मारली असती. कांडी अर्धीच आत गेलीय हे कळलं तेही तेव्हाच.

इलेक्ट्रिशियन म्हणाला, हा जुना दांड्याचा स्विच आपोआप पडत नाही, हाताने जोर लावून ओढावा लागतो. तुम्हीच ओढला असेल आणि विसरलात. असेलही, मी चष्मा लावून चष्मा शोधतो. पण त्या वेळी मी झोपलो होतो, आणि आवाज बाईचा होता.

आता खरा गाढवपणा सांगतो. त्यानंतर तीनदा मी कांडी मुद्दाम अर्धी बाहेर ठेवून भट्टी लावली. आत माझे वाडगे, एक कोन, बाहेर कुलूप. जिन्यात बसून कान देऊन ऐकलं. तिन्ही वेळा काही नाही. स्विच वरच, वाडगे वितळून फळीला चिकटलेले. वैशालीला प्रत्येक वेळी विचारलं, काही ऐकू आलं? नाही काका.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, तुमच्यापैकी कुणाकडे असेल असंही वाटत नाही. तिसऱ्या खेपेला फळी खरवडत होतो, तेव्हा वैशाली मस्करीत म्हणाली, “काका, असल्या वाडग्यांसाठी कोण येणार?”

पटलं मला. सध्या बरे कप करायला शिकतोय.