सभेआधीचा वृत्तांत

पालिकेच्या सभेला न जाता सभेची बातमी देणारा माणूस शहरात एकच होता, आणि त्याला सगळे ‘प्रतिनिधी’ म्हणत. एकोणीस वर्षं त्याच्या बातमीवर ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ एवढंच छापून यायचं. हळूहळू सासुरवाडीही त्याला त्याच नावाने ओळखू लागली.

त्याची पद्धत सोपी होती. सकाळी सभेची विषयपत्रिका मागवायची आणि जेवणाआधी बातमी लिहून टाकायची: ‘किरकोळ चर्चेनंतर ठराव एकमताने मंजूर.’ ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवायची आणि संध्याकाळी पालिकेच्या कारकुनाला फोन करून विचारायचं, काही वेगळं घडलं का? कधीच घडायचं नाही. नगरसेवकांवर इतका गाढ विश्वास त्यांच्या बायकांचाही नसेल. वर हेच गृहस्थ नव्या वार्ताहरांना नाकाने कांदे सोलत सांगायचे, की घटनास्थळी चपला झिजवल्याशिवाय पत्रकार होता येत नाही.

मग मालकांना मोबाईलचं वेड लागलं. कुठली बातमी किती जण वाचतायत ते दाखवणारा पडदा भिंतीवर आला. बातमी कॉम्प्युटरवर ठेवली, की मध्ये कुणीही न वाचता ती थेट लोकांच्या फोनवर जाणार असं ठरलं. एवढं सांगायला तीन तासांची कार्यशाळा झाली. प्रतिनिधी पहिल्या रांगेत बसून झोपला आणि शेवटी ‘समजलं’ म्हणून सही करून आला.

त्या महिन्याच्या विषयपत्रिकेत सातवा विषय होता, कालव्यापलीकडचा दवाखाना बंद करण्याचा. त्याची बायको तिथे चौदा वर्षं नर्स होती. दवाखाना गेला तर पलीकडच्या गरोदर बायकांना कळा सोसत शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागणार होतं. तिने आठवडाभर दारोदार फिरून साठ माणसं तयार केली. सभागृह भरलेलं दिसलं तर नगरसेवक वचकतील, असा तिचा हिशेब होता.

“अहो, या वेळी तरी स्वतः या,” ती म्हणाली. “आम्ही काय बोलतो ते ऐका आणि मग लिहा.”

त्याने कबूल केलं, आणि मनापासून केलं. पण जित्याची खोड. दुपारी निघण्यापूर्वी त्याने नेहमीची बातमी लिहून ठेवलीच. आल्यावर बदलू म्हणाला.

सभा चारला होती. पावणेचारला तो पालिकेपाशी पोचला, तर माणसं फाटकातून परत फिरत होती. त्यांच्या गल्लीतल्या शिंप्याने फोन पुढे केला.

“झाला की मंजूर. तुमच्याच पेपरात आलंय. आता उन्हात कशाला उभं राहायचं?”

प्रतिनिधीने स्वतःचं वाक्य वाचलं. सभा अजून सुरूही झालेली नाही, हे सगळं खोटं आहे, असं तो एकेकाची बाही धरून सांगू लागला.

“मग तुम्ही लिहिलंत कसं?” शिंप्याने विचारलं.

साठातली अठ्ठावन्न माणसं घरी गेली.

सभागृहात बायको आणि दोन म्हाताऱ्या उरल्या. बायको बोलली, चांगली बोलली. अध्यक्षांनी रिकाम्या खुर्च्यांकडे एकदा पाहिलं, विरोध फारसा दिसत नसल्याचं नोंदवलं आणि सातवा विषय एकमताने मंजूर करून आठवा घेतला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच प्रतिनिधी तिथे जातीने हजर होता, आणि त्याच्या बातमीत काना-मात्रेचाही फरक करण्याची सोय नव्हती.

ऑफिसात संपादकांनी त्याची पाठ थोपटली. सगळ्यांच्या आधी, आणि अक्षरन् अक्षर खरी बातमी. पुढच्या महिन्यात आदल्या दिवशीच देता येईल का, असंही त्यांनी विचारलं.

घरी बायको फोन हातात धरून बसली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या खुलासा छापतो, तो पुटपुटला, चूक झाली म्हणून लिहितो.

“कसली चूक?” ती म्हणाली. “तुम्ही लिहिलंत तस्संच झालं.”