आनंदराजच्या छातीतली चोरवाट

देगलूरच्या शाळेत खेळाच्या तासाला लिंबाखाली बसून आमच्या चपला राखायचा तो आनंदराज. नखं जांभळी, ओठ जांभळे. जन्मताच काळीज अर्धवट बनलेलं. सातव्या वर्षी हैदराबादला ऑपरेशन झालं. डोक्याकडून येणारी मोठी शीर डॉक्टरांनी थेट फुप्फुसाला जोडली. ओठांवर रंग आला आणि गडी जयंतीत लेझीम खेळू लागला. दहा पावलं खेळायचा, दहा पावलं थांबायचा, पण ठेका चुकवायचा न्हाई. ती लेझीम आठवली की आजबी माझे पाय हलतेत.

पुढं उदगीरला नोकरी लागली. गावाकडं यायचा तो जयंतीलाच. दम वाढलेला, लेझीम सुटलेली, पण ओठ कोण बघतंय? चौदा एप्रिलला आमच्या गल्लीत नीळ उधळतेत, सगळेच निळे. यंदा मिरवणुकीनंतर त्याची माय चांगुणाबाई त्याचं तोंड धुवायला बसली. साबण झाला, घासून झालं.

"माय, कातडं काढतीस का?"

"नीळ निघून न्हाई राहिली रे."

"ती नीळ न्हाई. तीन वर्षं झाली."

मायनं तांब्या खाली ठेवला. आठ दिवसांत आम्ही तिघं हैदराबादला.

तपासून डॉक्टर म्हणले, जोडलेल्या शिरेला एक आडशीर फुटून चोरवाट झालीय. फुप्फुसात जायचं रगत तिथून निसटतं, अन् हवा न घेताच अंगभर फिरतं. छाती उघडायची गरज न्हाई. मानेतल्या शिरेतून बारीक नळी घालून वाट बुजवू. पण आधी फुगा फुगवून ती दहा मिनिटं अडवून बघायची. शिरेतला दाब चढला तर वाट तशीच सोडावी लागल.

त्याला आत नेलं. माय अन् मी बाहेर बाकड्यावर.

"किरण, न्हाई जमलं तर?"

"तर हाय तसा ऱ्हाईल."

"तसा किती दिस ऱ्हाईल?"

मी उठून दाराच्या काचेतून आत बघून आलो.

तासाभरानं डॉक्टर आले. दाब चढला नव्हता. चोरवाटेत तारेचं वेटोळं बसवून ती बंद केली होती. अठ्ठ्याहत्तरवर अडकलेला ऑक्सिजन नव्वदवर गेलेला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला जिना चढायला लावला. मी संगं निघालो. दुसऱ्या मजल्यावर मलाच धाप लागली, कठडा धरून थांबलो. चार पायऱ्या वर उभा राहून आनंदराज माझ्याकडं बघत होता.

"बस जरा," म्हणला, "मला काय घाई न्हाई."